रुपालीच्या नावाचं कौल

बायजाकाकीने भरदुपारी गावदेवीच्या देवळावर दगडफेक केली, अशी बातमी आहे. वडापावच्या गाडीवरून निघाली तेव्हा बातमीत दगड एक होता. तलावापाशी पोचेस्तोवर पाच झाले. आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरली तेव्हा काकीच्या अंगात आलेलं होतं, केस मोकळे सुटलेले होते आणि देवळाची अर्धी कौलं जमिनीवर होती. सातव्या मजल्यापर्यंत तर देवळालाच टेकू लावावा लागलेला.

सगळं खोटं. दगड एकच होता आणि तो काकीने मारला नाही. पदराच्या गाठीत बांधून नेला, तसाच परत आणला आणि संध्याकाळी त्यानेच लसूण ठेचला. शिडीवर मात्र ती चढलेली. केसही सुटलेले, पण ते तिचे कायमच सुटलेले असतात, कारण आंबाडा पुरता बांधून होईपर्यंत थांबणं तिला जमत नाही.

काकीला थांबणं जमत नाही, एवढं कळलं की बाकीची काकी आपोआप समजते. भात शिजायच्या आत ती झाकण दहादा उघडते. रिक्षात बसली की पुढच्या दांड्याला धरून अशी झुकते की वाटावं रिक्षा तीच ढकलतेय. फोन लावला तर रिंग पुरती वाजायच्या आत "उचलत नाय मेला" म्हणून कापते, आणि समोरच्याने उलटा फोन केला की त्यालाच विचारते, "कोन पायजे?"

शीळफाट्याहून डोंबिवलीकडे येताना लागतं ते हे गाव. काकीच्या सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता आमचे टॉवर आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मयूर बिल्डर लोकांना खडी-रेती पुरवतो. मुलगी रुपाली तळोज्याच्या बाजूला दिलेली. घरात बसून खायला आहे. काकीला त्यातलं खायला जमतं, बसायला नाही.

आता दगड कशासाठी, ते सांगायचं तर आधी छप्पर सांगायला हवं.

या गावची मुलगी लग्न होऊन गेली की गावदेवीच्या देवळावर तिच्या नावाचं एक कौल चढतं. लाल मंगलोरी कौल, पोटाकडच्या बाजूला ऑइलपेंटने नाव. मुलगी सासरी, कौल माहेरी. पावसाळ्याआधी कौलं चाळतात, म्हणजे हलवून पुन्हा नीट बसवतात, तेव्हा ज्या कुणाचं फुटलेलं निघेल तिला निरोप जातो. फोनवर नाही हं. फुटका तुकडा घेऊन माणूस जातो, दारात उभा राहून सांगतो, आणि मग ती नवं कौल घेऊन येते आणि दोन-चार दिवस माहेरी राहते. देवीचं छप्पर गळतंय म्हटल्यावर कुठल्या सासूची नाही म्हणायची टाप आहे? त्यामुळे कौलं चाळायच्या दिवशी गावातल्या आया देवळाखाली माना वर करून उभ्या राहतात आणि ओठातल्या ओठात पुटपुटतात, "यंदा माझ्या पोरीचा फुटू दे गो आई." दुसरीकडे कुठे छप्पर फुटावं म्हणून नवस बोलत असतील, असं मला नाही वाटत.

गेल्या पावसाळ्यात धार थेट देवीच्या मुकुटावर लागली. वासे कुजलेले, रिपा वाकलेल्या. अख्खं छप्पर उतरवून नवीन करायचं ठरलं आणि देवळासमोरच्या पारावर मीटिंग बसली. अध्यक्ष पंढरीकाका, म्हणजे काकीचे दीर. ते बोलायच्या आधी घसा खाकरतात, बोलताना खाकरतात आणि बोलून झाल्यावर पोचपावती म्हणून एकदा खाकरतात.

"ख्रम्. आता बगा. छप्पर तं करायचाच हाय. ख्रम्. कसला करायचा, त्यो विषय. ख्रम्."

मयूरने लॅपटॉप उघडला. लोणावळ्याच्या कुठल्यातरी रिसॉर्टचा फोटो. काळंभोर छप्पर, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक बसवलेलं. "स्लेट. नॅचरल दगड. लुक बघा लुक! फुटत नाय, गळत नाय, शेवाळ धरत नाय. शंभर वर्षं वर बघायचं काम नाय. विषय कट."

"आरं पन ती शाळेची पाटीच ना रं?" मागून कुणीतरी म्हटलं.

"पाटी असू दे, नायतर पेन्सिल असू दे. कोणाचा हात वर?"

सगळ्यांत आधी हात वर झाला तो काकीचा. "कशाला थांबताव? लावा पाटी न व्हा मोकले!"

गाव चाट पडलं. पोरींच्या कौलांचा मान बंद व्हायला एक आईच निघाली? पण बायजाच हात वर करते म्हटल्यावर बाकीच्यांचेही हळूहळू वर झाले.

तिने असं का केलं, हे तिने तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याची मुळं मयूरच्या हळदीत होती. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भावाला पहिली हळद बहिणीने लावायची. रुपाली घरातून वेळेवर निघालेली, पण शीळफाट्याला ट्रेलर आडवा झाला. तिने फोन केला, "आई, अडकलेय गो, मी येईपर्यंत थांब." काकी थांबली. तिच्या मते फार थांबली. डीजेवाला बसलेला, बायका बसलेल्या, हळद वाटीत सुकायला लागलेली. शेवटी तिने ती वाटी पुतणीच्या, प्रीतीच्या हातात दिली. "लाव गो तूच. ती येल तवा येल." रुपाली मंडपाच्या तोंडाशी पोचली तेव्हा मयूर पायापर्यंत पिवळाधमक झालेला. तिने बघितलं, आणलेला आहेर दारातल्या खुर्चीवर ठेवला आणि जिथून आली त्याच ट्रॅफिकमध्ये परत गेली.

तेव्हापासून ती आली नाही. फोन उचलते. "बरी हाय. जेवले. ठेवते." काकीने ये म्हटलं की "बघते." माफी मागायला काकीची जीभ वळत नाही, आणि सहज म्हणून यायला रुपालीचा पाय वळत नाही. एकच बोलावणं होतं जे टाळता आलं नसतं, ते छपराचं. म्हणून काकी दर वर्षी देवळाखाली मान वर करून उभी. याच्या पोरीचं फुटलं, त्याच्या पोरीचं फुटलं. प्रीतीचं तर दोनदा फुटलं! रुपालीचं नाही. "यवरा मजबूत कौल कुठशी आणला मी मेलीने," असं ती एकदा म्हणालेली. सगळे हसले. ती पण हसली.

तर हात वर झाला तो त्यामुळे. कुणाचंच फुटणार नसेल, तर कुणाचीच येणार नाही, आणि मान वर करून उभं राहायचं हे काम एकदाचं संपेल.

मीटिंग उठता उठता तिने मयूरला विचारलं, "न जुनी कौला?"

"फोडून भरावात टाकायची. नव्या पायऱ्यांखाली. विषय कट."

विषय कट झाला नाही. विषय तिथे सुरू झाला. त्या दिवसापासून काकी जी फिरायला लागली ती थांबेना. मयूरच्या गाडीतून तिने सॅम्पलची स्लेट काढली, मागच्या पडवीतून एक कौल घेतलं, दोन्ही बाजाराच्या पिशवीत घातली आणि जो भेटेल त्याच्यापुढे उघडायला लागली. रिक्षावाल्याला विचारलं. पोस्टमनला विचारलं. डोंबिवलीत दातांच्या डॉक्टरकडे दाढ दाखवायला गेली, तर आ वासलेल्या अवस्थेत पिशवी काढून त्यांच्या पांढऱ्या ट्रेमध्ये दोन्ही मांडली आणि हाताने खूण केली, कुठला? डॉक्टर म्हणाले, "आजी, आधी तोंड मिटा." म्हणजे त्यांचं मत कळलंच नाही.

कल्याणला कौलांच्या वखारीत गेली. तिथल्या माणसाने तिला कौल वाजवून घ्यायला शिकवलं. बोटाच्या पेराने ठोकायचं. चांगलं असेल तर खणखणतं, तडा असेल तर बद्द वाजतं. झालं! गावात दुसरा उद्योगच उरला नाही. सकाळी उठलं की काकीच्या ओट्यावरून टण्ण, टण्ण. मग स्लेट. टिंग, टिंग. पुन्हा टण्ण. एकात जरी खोट निघाली असती तरी बाई सुटली असती. पण दोन्ही खणखणीत, हीच पंचाईत. गच्चीवर दोन्ही उन्हात ठेवून तिने अनवाणी पाय देऊन बघितलं. स्लेटवर पाय ठेवला आणि "आई गो!" करून कौलावर उडी मारली. मग कौलाला एक मार्क दिला. मग स्लेटवर पाणी ओतलं, एक थेंब आत गेला नाही. स्लेटला एक मार्क. मग पुन्हा बेचैन.

"आई, तू हात वर केलेलास," मयूर वैतागला. "सगळ्यात आधी! माझ्या पण आधी!"

"हात माजा हाय. खाली पन घेता येतो."

"आता मी ऑर्डर देणारे. सोमवारी."

"दे ना. मी कुठं नको बोलते?" आणि तिने पिशवी उचलली आणि पुन्हा बाहेर.

तर सोमवारच्या आधी, एका दुपारी, तिने पदरात दगड बांधला. बेत सरळ होता. छप्पर उतरायच्या आत रुपालीचं कौल फोडायचं. फुटलं म्हणजे बोलावणं आलंच, आणि बोलावणं आलं म्हणजे पोरगी आलीच. कडुनिंबाच्या बाजूला, खालून तिसऱ्या ओळीत. ती सगळ्या गावाला तेच सांगायची. हात उचलला आणि मनात आलं, आपला नेम चुकला तर? भलत्याच पोरीचं कौल फुटेल, आणि भलतीच पोरगी दोन दिवस राहायला येईल. मिस्त्री सुदेशने मापं घ्यायला शिडी लावून ठेवलेली होती. एकदा खात्री करू म्हणून ती चढली आणि तिने कौल उचकटलं.

आत नाव होतं कुंदाचं.

शेजारचं उचललं. समीक्षा. त्याच्या शेजारचं. भलतीच. दर वर्षी चाळताना कौलं इकडची तिकडे होतात, हे काकीइतकं कुणाला माहीत असणार? पण मान वर करून उभं राहायच्या नादात ती इतकी वर्षं एका परक्या कौलाला नवस बोलत होती. मग ती एकामागून एक उचकटत सुटली. खाली दोन बायका पाणी आणायला आलेल्या, त्यांनी हे बघितलं, आणि वडापावच्या गाडीकडे बातमी निघाली.

आढ्याच्या जवळ एक कौल हाताला चिकटलं. डांबर. उलटं केलं. डांबर वरून झिरपून पोटापर्यंत उतरलेलं. काळ्या थराच्या बाहेर दोनच अक्षरं राहिलेली, "रुपा". ली डांबराखाली. आणि त्या डांबराखालून बोटभर लांब तडा.

आणि काकीला शिडीवर उभ्या उभ्या आठवलं. तीन वर्षांपूर्वी गाभाऱ्यात थेंब पडत होता. सुदेश वर चढलेला. त्याने वरून हाक मारलेली, "काकी, एक कौल तडकलंय. काढून नाव बघू का?" घरी भात चुलीवर होता. तिनेच खालून ओरडून सांगितलं होतं, "नाव कसला बघत बसतंस? डांबर फास न उतर खाली!"

ती शिडीवरून बराच वेळ उतरली नाही. एका जागी, न हलता. तेव्हा बघायला मात्र कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कौल टॉवेलात गुंडाळून ती रिक्षाने तळोज्याकडे निघाली. शीळफाट्याला सगळं ठप्प. मागे टँकर, पुढे ट्रेलर, मधे काकी. तिने ट्रेलरवाल्याच्या सात पिढ्या काढल्या, ट्रॅफिक पोलिसाला "हात हालव जरा, झोपलंस काय?" म्हणून उठवलं, रिक्षातून उतरली, चढली, पुन्हा उतरली.

"मावशी, बसा ना," रिक्षावाला म्हणाला. "इथे रोजचंच आहे. कोणाच्या बापाला हलता येत नाही."

काकी बसली. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "म्हंजे पोरगी खोटा नव्हती बोलत."

"कोण मावशी?"

"तू पुढं बग."

रुपालीने दार उघडलं. आईला बघून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग तिला आठवलं की आपण रागावलेलो आहोत. काकीने दारातच टॉवेल सोडला.

"कौल फुटलाय तुजा."

रुपालीने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "हे आजचं नाय. डांबर हाय यावर."

"तीन वर्सं झाली."

"न डांबर कोनी लावला?"

"सुदेशनी. मीच बोललेली लाव म्हनून."

"नाव पन नाय बघितलंस?"

"नाय."

रुपालीने नखाने डांबर खरवडून बघितलं. "थांबाला काय होतं गो तुना?"

काकीने टॉवेलाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

"पानी देऊ?" रुपालीने विचारलं.

"नको, निघते, रिक्षा उभी..." म्हणत काकी वळली आणि वळता वळता पुन्हा फिरली. "दे."

आत जाऊन बसली, पाणी प्यायली, चहापण प्यायली. निघताना म्हणाली, "मग येशील?"

"बघते."

"म्हंजे येशील?"

"बघते बोलले ना!"

पुढची मीटिंग काकीनेच बोलावली. "माजा हात खाली. कौला लावा."

मयूर उठलाच. "आई! कालपर्यंत स्लेट, आज कौलं!"

"ख्रम्. वैनी, सांगनार तरी काय झाला त्यो?" पंढरीकाका म्हणाले.

मग काकीने डांबराची गोष्ट सगळ्या गावासमोर सांगितली. उभ्यानेच, पदराची गाठ सोडत आणि बांधत. "शंबर वर्सं वर बगायचा काम नाय, बोलतो माजा पोर. आरं, मग पोरीना बोलवायचा कवा? आमी मेल्यावर?"

पारावरच्या दोन-चार म्हाताऱ्यांनी डोळ्याला पदर लावला. पंढरीकाकांनी खाकरायचं म्हणून तोंड उघडलं आणि न खाकरताच मिटलं. सगळ्यांनी मयूरकडे बघितलं.

मयूर लॅपटॉपकडे बघत होता. "कौलं लावू," तो म्हणाला. "पण खाली पत्र्याची शीट टाकणार मी. कौल खुशाल फुटू दे, देवी भिजणार नाय." आणि मग हळूच, "ताईचं वर लावू. आढ्याजवळ. म्हणजे सापडेल."

विषय कट.

सॅम्पलच्या स्लेटवर काकी हल्ली बोंबील चिरते. म्हणते, मच्छीला यासारखा दगड नाही.

मग मे महिन्यात कौलं चढवायचा दिवस ठरला. गावच्या सगळ्या लेकी आपापलं कौल घेऊन आल्या. देवळापासून नाक्यापर्यंत गाड्या, मागे मटणाच्या नव्हे, वरणभाताच्या टोपाखाली जाळ, देवीचा दिवस ना. सुदेश वळचणीपासून वर वर कौलं लावत चाललेला. हातोहात कौल वर जायचं, नाव मोठ्याने वाचायचं, बायका कुरवंडी करायच्या. उन्हं कलायला लागली तोवर छपरात एक भोक उरलं. आढ्याजवळ, एका कौलाएवढं. तिथे शीटपण कापून ठेवलेली, शेवटी जोडायला.

रुपालीचा मेसेज आलेला, "निघाले." त्यानंतर दुसरा आला. मयूरने तो मोठ्याने वाचला. "शीळफाटा."

सगळं गाव काकीकडे बघायला लागलं. आरतीचं ताट तयार, वर सुदेश अवघडलेला. तेवढ्यात प्रीतीच पुढे आली, हातात एक जास्तीचं कौल घेऊन. मनाने चांगलीच आहे बिचारी. "काकी, आता हे ठेवू का? ताई आली की बदलू."

"हात नको लावूस," काकी म्हणाली. आणि देवळाच्या पायरीवर, त्या भोकातून ऊन पडत होतं बरोबर तिथे, बसली.

मी तिथेच होते. या गावात मला सगळ्यांच्या नकला येतात, आणि काकीची माझी सगळ्यांत चालणारी. तिला बसलेलं बघून राहवेना. म्हटलं, "काकी, ताई येईपर्यंत तुम्ही इथे बसणार? शक्यच नाही. पैज."

"काय लावतंस गो टावरवाली?"

"तुम्ही हललात तर गावातल्या पुढच्या हळदीत माईकवर तुमची नक्कल, तुमच्यासमोर."

"न नाय हलले तं वरीसभर माजी नक्कल बंद. माज्या मागं पन नाय."

लावली. मला वाटलं, दहा मिनिटांचा खेळ.

भोकातून उन्हाचा एक चौकोन खाली आलेला, कौलाएवढा. तो काकीच्या मांडीवरून गुडघ्यावर सरकला. काकी बसलेली. मागे टोपाचं झाकण धडधडायला लागलं. काकीची मान त्या बाजूला वळली, पण बूड हललं नाही. मी जाऊन ओरडले, "काकी, भात करपला!" तिने डोळे मिटले. "करपू दे." फोन वाजला, दुसऱ्याने उचलला. केस सुटले, बांधले नाहीत. तेवढ्यात मला दिसलं की तिच्या पायाचा अंगठा शिलाई मशीनसारखा थरथरतोय. "हललं! हललं!" मी केलं. पंढरीकाकांना पंच नेमलं.

"ख्रम्. आता बगा. अंगठा धरत नाय. ख्रम्."

उन्हाचा चौकोन पायरीवरून उतरून अंगणात गेला आणि विझला. कुणीतरी दिवा लावला. तेव्हा रिक्षा वळली आणि रुपाली उतरली, कौल टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलेलं. तिने आधी वर बघितलं, भोकाकडे. मग खाली आईकडे.

"ट्रेलर आडवा होता," ती म्हणाली.

"म्हाईत हाय."

"वाटेत कशाला बसलीस? उठ, मना वर जाऊ दे."

काकी उठली नाही. तिने सावकाश माझ्याकडे मान वळवली, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"काय गो टावरवाली? उठू का आता?"

वर्षभर माझी बोलती बंद. नक्कल कागदावर काढायची नाही, असं मात्र कुणी बोललं नव्हतं.